गाडी हाती आली, भीती कधी जाणार?

समजा, सांगलीची एक मुलगी म्हैसूरला नोकरीला लागली. राहायची जागा सरस्वतीपुरममध्ये आणि कंपनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत. बसच्या वेळा आणि कामाच्या पाळ्या काही केल्या जुळेनात. वडील नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी आपली मोटारसायकल रेल्वेच्या पार्सलने पाठवून दिली. "मला आता कुठे लांब जायचंय? तुझ्या कामाला येईल," असे फोनवर म्हणाले. आईचे मत वेगळे होते. मुलीच्या जातीला स्कूटरच बरी! पण घरात असलेली गाडी सोडून नवी घ्यायला पैसे कुठून आणायचे?

मुलीकडे परवाना होता. कॉलेजात असताना भावाच्या मागे लागून चार दिवस गाडी शिकली होती, चाचणीही पार पडली होती. मात्र गर्दीत गाडी कधी घातली नव्हती. पहिले दोन दिवस कसेबसे निभावले. तिसऱ्या दिवशी सकाळी एका सर्कलच्या तोंडाशी गाडी बंद पडली. मागून ट्रकचा हॉर्न, शेजारून रिक्षावाल्याची नजर. घाईघाईत क्लच सुटला, गाडीने उडी घेतली आणि आडवी झाली. गुडघा खरचटला, आरसा फुटला. लागले थोडेच, पण मन मात्र चांगलेच धास्तावले.

त्यानंतर आठ दिवस गाडी जिन्याखाली झाकून उभी! रोज रिक्षाने जाणे-येणे, पगाराला भोक. आणि रात्री वडिलांचा फोन आला की एकच उत्तर, "हो बाबा, छान चालते गाडी."

अशी मुले-मुली गावोगावी आहेत. कोणी पुण्यात, कोणी बेळगावात, कोणी दूर म्हैसुरात. त्यांना गाडी चालवता येते, पण गाडीवर बसले की पोटात गोळा येतो. त्यांचे काय चुकते?

मोटारसायकलींचे गाव

खरे तर दुचाकी शिकायला म्हैसूरइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. भारतातल्या मोटारसायकलींच्या इतिहासात या शहराला मानाचे पान आहे. यादवगिरी भागातल्या 'आयडियल जावा' कारखान्यात १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने 'जावा' गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्यांनाच 'येझदी' हे नाव मिळाले. मुंबईच्या इराणी कुटुंबाने उभारलेला हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. ही दोन्ही नावे २०१८ आणि २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा आली खरी, पण जुनी फटफटी जपणारी घरे म्हैसुरात आजही आहेत. किकचा आणि गिअरचा दांडा एकच असलेली ती गाडी पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेक मराठी वाचकांनाही आठवत असेल.

त्या गाडीवर शिकलेली माणसे तरी पहिल्या दिवसापासून तरबेज होती का? मुळीच नाही. ती शिकली मोकळ्या मैदानांवर आणि रिकाम्या रस्त्यांवर. आजच्या नवशिक्याला तेवढी मोकळीक मिळत नाही. तो परवाना खिशात घालतो आणि थेट सकाळी साडेआठच्या गर्दीत उतरतो. पोहायला शिकणाऱ्याला पुराच्या पाण्यात ढकलावे, तसाच हा प्रकार!

भीती शत्रू नव्हे

अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह मोटारसायकलींच्या ९०० अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपास केला होता. त्याचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. अपघातात सापडलेल्या निम्म्याहून अधिक चालकांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांचाही अनुभव नव्हता. आणि १०० पैकी ९२ जण आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते.

म्हणजे काय? जुना चालकही नव्या गाडीवर नवाच असतो. म्हणून पहिल्या काही महिन्यांत जरा धाकधूक वाटली, तर ती दुबळेपणाची खूण मानू नये. ती सावधगिरीच असते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. ज्याला मुळीच भीती वाटत नाही, त्याचीच घरच्यांनी काळजी करावी.

मात्र भीतीने गाडी झाकून ठेवली, तर सराव थांबतो. आणि सराव थांबला की भीती वाढते. हे चक्र तोडायचे तर एकेक गोष्ट सुटी करून शिकावी लागते.

आधी हात बसू द्या

गाडी बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे क्लच. क्लच पूर्ण दाबलेला आणि पूर्ण सोडलेला यांच्या मध्ये एक जागा अशी असते, जिथे गाडी हळूच पुढे ओढ घेऊ लागते. ती जागा प्रत्येक गाडीत थोडी वेगळी असते. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर जावे आणि अर्धा तास एवढेच करावे. क्लच त्या जागेपर्यंत सोडायचा, चार पावले जायचे, पुन्हा दाबून थांबायचे. हाताला ही जागा पाठ झाली की निम्मी धास्ती तिथेच संपते.

मग माणसाच्या चालीने सरळ रेषेत गाडी चालवावी. वेगात गाडी आपोआप सावरते, तोल सांभाळायचे खरे कसब सावकाश चालवण्यातच लागते. त्यानंतर इंग्रजी आठच्या आकाराची वळणे घ्यावीत. वळताना चाकाकडे किंवा खड्ड्याकडे पाहू नये, जिथे जायचे तिथे पाहावे. नजर जाते तिकडे गाडी जाते.

चढावर गाडी उभी करून पुन्हा काढणे हा पुढचा धडा. म्हैसूरकरांना त्यासाठी चामुंडी टेकडीचा रस्ता आहे, पण पहिल्या दिवशी तिथे जाऊ नये. घराजवळचा छोटा उतारही पुरतो. मागचा ब्रेक पायाने धरावा, क्लच ओढीच्या जागेवर आणावा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा आणि मगच पाय उचलावा.

पुढच्या ब्रेकची उगाच बदनामी

"पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर पडशील!" हा सल्ला आपल्याकडे काका, मामा, शेजारी सगळेच देतात. तो अर्धवट खरा आहे. पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबला, किंवा गाडी वळलेली असताना दाबला, तर गाडी घसरते. पण ब्रेक लावताच सगळे वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे गाडी थांबवण्याची अधिक ताकद त्याच ब्रेकमध्ये असते. तो कधीच न वापरणारा माणूस ऐन वेळी वेळेत थांबू शकत नाही. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढत्या दाबाने लावायची सवय मैदानावरच करावी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. वडिलांची जुनी गाडी असेल, तर मात्र सगळी भिस्त आपल्या बोटांवरच!

आणि हा हिशेब ध्यानात ठेवावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातोच. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे १० मीटर लागतात. वेग ताशी ६० झाला की हे एकूण अंतर २१ मीटरवरून जवळजवळ दुप्पट, ४० मीटरच्या घरात जाते. वेग दीडपट होतो, धोका मात्र दुप्पट होतो.

सर्कलची रीत

म्हैसूर हे सर्कलांचे शहर. के. आर. सर्कलला महाराजांच्या पुतळ्याभोवती वाहने फिरत असतात, शेजारून एखादा टांगाही जातो. नवशिक्याला वाटते, यात शिरायचे कसे? नियम सोपा आहे. वर्तुळात आधीपासून असलेल्या वाहनांना पहिली वाट द्यायची. म्हणजे उजवीकडे पाहायचे, फट मिळेपर्यंत थांबायचे आणि मग घुटमळत न राहता शिरायचे. बस किंवा ट्रकच्या अगदी बगलेत राहायचे नाही. त्याच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे समजावे.

गाडी बंद पडलीच तर? क्लच दाबावा, ब्रेक धरावा, गाडी न्यूट्रलमध्ये आणावी, एक श्वास घ्यावा आणि मग सुरू करावी. याला फार तर दहा सेकंद लागतात. मागचा हॉर्न म्हणजे काही हुकूम नव्हे. मागचा माणूस दहा सेकंद थांबू शकतो. घाईत झालेली चूक मात्र महिनाभर दुखत राहते.

कामावर जाण्याचा रस्ता आधी रविवारी पहाटे पालथा घालावा. खड्डे कुठे, गतिरोधक कुठे, कोणत्या वळणावर वाळू आहे हे रिकाम्या रस्त्यावर नीट दिसते. मग कामाच्या दिवशी आठवडाभर नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघावे. उशिराची धास्ती आणि गाडीची धास्ती एकत्र आली की डोके चालत नाही. जवळचा पण गर्दीचा रस्ता टाळून दोन किलोमीटर लांबचा, शांत रस्ता धरला तर त्यात कमीपणा कसला?

पावसाळ्यात आणखी जपावे. पहिल्या सरीनंतर रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडे होते. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि झाडांखाली पडलेला ओल्या फुलांचा सडा, तिन्हींवर चाक घसरते. अशा जागी वळू नये, ब्रेक लावू नये, सरळ आणि सावकाश पार व्हावे.

घरच्यांनी एवढे करावे

हेल्मेटवर आयएसआय खूण असावी, ते डोक्याला घट्ट बसावे आणि पट्टा लावलेला असावा. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसून आले आहे. मुलींनी ओढणीची टोके गाठ मारून आत खोचावीत. चाकात किंवा चेनमध्ये अडकलेली ओढणी क्षणात गळ्याला फास लावते. हात सुटे राहावेत म्हणून डबा पाठीवरच्या पिशवीत ठेवावा.

आपला परवाना देशभर चालतो. मात्र महाराष्ट्राच्या क्रमांकाची गाडी परराज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहणार असेल, तर तिची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. विम्याची तारीखही पाहून ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांना पडल्याचे सांगायची मोकळीक द्यावी. "मी म्हटलंच होतं!" हे वाक्य एकदा ऐकले की मूल पुढच्या वेळी खरे बोलत नाही. सांगलीच्या मुलीने नवव्या दिवशी वडिलांना सगळे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मी पहिल्यांदा पडलो तेव्हा आजोबांना सांगितलंच नाही. तू सांगितलंस, बरं केलंस. आरसा नवा बसवून घे आणि रविवारी मैदानावर जा."

ती गेली. एका रविवारी क्लच, दुसऱ्या रविवारी ब्रेक, तिसऱ्या रविवारी पहाटे हेब्बाळपर्यंतचा रस्ता. चौथ्या आठवड्यात सोमवारी ती गाडीवरून कामावर पोहोचली. वेळ रिक्षापेक्षा पाच मिनिटे अधिक लागला. त्याच सर्कलला गाडी पुन्हा एकदा बंद पडली, मागून हॉर्नही वाजला. तिने न्यूट्रल केले, श्वास घेतला, गाडी सुरू केली आणि निघाली.

घरमालकीणबाई तिला रोज फाटकातून "निधान, निधान!" म्हणून निरोप देत. मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. मुलीला वाटे, आजी आपल्याला लाडाने हाक मारतात. पुढे ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितले, की कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खंडेनवमी, म्हैसुरात आयुधपूजा. घरोघरी गाड्या धुऊन हार घातले जातात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. यंदा त्या जिन्याखालीही झेंडूचा हार येईल. हार दिव्यावर येणार नाही असा बांधावा, आणि लिंबू चिरडण्याआधी ब्रेक, टायरची हवा आणि चेन एकदा तपासून घ्यावी. म्हणजे पूजा खऱ्या अर्थाने पुरी झाली.