विश्लेषण : कंपनी आवडते, मग नोटीस पिरियडचा राग का? आयटी अभियंत्यांचे नेमके दुखणे काय?

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा ‘आयटीतली नोकरी सरकारीच्या खालोखाल पक्की’ या समजाला मोठा तडा गेला. तरीही सोलापूर, लातूर, जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या कंपन्यांची कॅम्पस मुलाखत असली, की आजही रांग लागते. अभियंत्यांना या कंपन्यांत काय आवडते, काय खटकते आणि दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी कसे सापडते?

आवडण्यासारखे काय आहे?

कँटीनमधल्या तक्रारी ऐकल्या तर काहीच नाही असे वाटेल. पण नोकरी सोडलेल्यांना विचारले, की यादी निघते. पहिली गोष्ट म्हणजे दार उघडले जाते. तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या महाविद्यालयातला, इंग्रजीत अडखळणारा, घरात पहिलाच पदवीधर असलेला मुलगा ओळखपाळख आणि शिफारशीशिवाय परीक्षा देऊन आत येतो. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या विद्यार्थ्यालाही काही महिन्यांचे प्रशिक्षण, तेही पगार देऊन, मिळते. लहान कंपन्यांना हे परवडत नाही. त्यांना तयार माणूस हवा असतो आणि तो बहुधा याच मोठ्या कंपन्यांतून येतो.

दुसरी गोष्ट फारशी चर्चेत येत नाही, पण घराघरांत ती मोलाची असते. ती म्हणजे आईवडिलांचा आरोग्य विमा. साठीच्या वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब असेल, तर बाहेर स्वतंत्र पॉलिसी घेताना जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो आणि हप्ताही जड जातो. कंपनीच्या गट विम्यात बहुतेक वेळा ही अट नसते, हप्त्याचा काही भाग पगारातून कापला गेला तरी. गुडघ्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत नोकरी न बदलणारे अभियंते प्रत्येक मजल्यावर सापडतील. याशिवाय ठरलेल्या तारखेला पगार, पीएफ, रात्रपाळीत महिलांना घरापर्यंत सोडणारी कॅब, गृहकर्ज देताना बँकेने कंपनीचे नाव पाहून केलेली मान डोलावणी हे सगळे आहेच. लग्न जुळवतानाही ते नाव चालते, हे सांगायला नको.

मग बिनसते कुठे?

त्यासाठी कंपनीचे गणित पाहावे लागते. भारतीय आयटी सेवा कंपन्या मुख्यतः सॉफ्टवेअर नव्हे, तर ते तयार करणाऱ्या माणसांचा वेळ विकतात. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या ग्राहकाशी ठरलेल्या दरानुसार प्रत्येक अभियंत्याच्या तासांचे बिल लागते. ठरावीक किमतीचे करारही असतात, पण त्यांच्या पोटातही माणसे गुणिले महिने हाच हिशेब असतो. त्यामुळे दर आठवड्याला टाइमशीट भरावी लागते आणि ती राहिली तर मॅनेजरचा ईमेल येतो. एखाद्याने दहा तासांचे काम चलाखीने चार तासांत संपवले, तर उरलेल्या सहा तासांचे काय करायचे हे या व्यवस्थेला नीट कळत नाही. हुशार अभियंत्याचा पहिला भ्रमनिरास इथे होतो.

बेंचही याच गणितातून येते. प्रोजेक्ट संपला आणि पुढचा मिळाला नाही, की माणूस बेंचवर बसतो, म्हणजे त्याचा पगार चालू असतो पण बिल बंद. पूर्वी या काळात नवे तंत्रज्ञान शिकता यायचे आणि नव्या प्रोजेक्टसाठी कंपनी काही महिने सहज थांबायची. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षात किमान २२५ दिवस बिल लागलेच पाहिजे आणि बेंचवरचा काळ ३५ दिवसांपेक्षा जास्त नको, असे धोरण आणले. कागदावर ही अट कर्मचाऱ्यावर आहे. पण प्रोजेक्ट आणणे हे काही त्याचे काम नव्हे, ते विक्री विभागाचे आहे. मागणीच घटली तर पुण्यातल्या जावा डेव्हलपरने ३५ दिवसांत ग्राहक कुठून पैदा करायचा, याचे उत्तर धोरणात नाही.

पगाराचा राग किती खरा?

बराच. नवख्या अभियंत्याला २०१० च्या आसपास वर्षाला तीन ते सव्वातीन लाख मिळत. आज बहुतेक मोठ्या सेवा कंपन्यांत हा आकडा साडेतीन लाखांच्या आगेमागे आहे. दरम्यानच्या काळात पेट्रोल पन्नाशीच्या घरातून शंभरीपार गेले. हिंजवडी-वाकडचे भाडे तर विचारूच नये. विप्रोने २०२३ च्या सुरुवातीला साडेसहा लाखांवर निवडलेल्या काही नवोदितांना साडेतीन लाखांवर रुजू होता का, असे विचारले होते. रुजू होण्याची वाट पाहून महिने गेलेले असल्याने ‘नाही’ म्हणणे अनेकांना परवडणारे नव्हते.

त्यात पगाराचा काही भाग ‘व्हेरिएबल’ असतो, म्हणजे तो मिळेलच असे नाही. टीसीएसने २०२४ मध्ये हा भाग कार्यालयातील हजेरीशी जोडला. हजेरी ६० टक्क्यांखाली गेली तर तिमाहीचा व्हेरिएबल शून्य, ८५ टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण. माणदरम्यान पावसाळ्यात दीड-दीड तास वाहतुकीत अडकणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एन. आर. नारायण मूर्ती यांच्या आठवड्याला ७० तास काम करण्याच्या सल्ल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये एवढा गदारोळ झाला, त्यामागेही हेच होते. प्रवास धरला तर अनेकांचे ७० तास आधीच भरत होते.

तरीही सर्वाधिक चीड नोटीस पिरियडची का?

पगार कमी वाटला तर दुसरी नोकरी शोधता येते. शोधली तर मात्र ९० दिवस दार अडवून उभे असतात. मुख्य प्रश्न हा आहे. मोठ्या सेवा कंपन्यांत राजीनाम्यानंतर तीन महिने काम करण्याची अट सर्रास असते. दुसरीकडे नव्या कंपनीला माणूस महिनाभरात हवा असतो. रिक्रूटरच्या फोनवरचा दुसराच प्रश्न असतो, ‘नोटीस किती?’ उत्तर ‘नव्वद’ असेल, तर बरेच फोन तिथेच संपतात. म्हणून अनेकजण हातात ऑफर नसताना राजीनामा देतात आणि मग नोकरीच्या पोर्टलवर ‘सर्व्हिंग नोटीस’ असे लिहितात. घराचा हप्ता चालू असताना हा जुगार खेळावा लागतो. त्यातही विम्यातले आईवडील शेवटच्या दिवसापर्यंतच सुरक्षित असतात.

नोटीस ‘विकत’ घ्यायची, म्हणजे उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटायचे, अशी सोय करारात बहुधा असते. पण ती मान्य करायची की नाही हे मॅनेजर ठरवतो. न सांगता निघून गेले तर रिलीव्हिंग लेटर मिळत नाही आणि पुढच्या कंपनीच्या पडताळणीत ते लागतेच. थोडक्यात, पैसे भरायची तयारी असली तरी सुटका स्वतःच्या हातात नाही.

आता उलट बाजू पाहा. ग्राहकाने प्रोजेक्ट बंद केला, तर माणसाला दुसऱ्या दिवशी बिलिंगमधून काढले जाते. काढून टाकायचे असेल तर अनेकदा छाटणीचे पत्र येत नाही. मनुष्यबळ विभाग बोलावतो आणि ‘स्वतःहून राजीनामा द्या, अनुभवपत्र स्वच्छ मिळेल’ असे सुचवतो. त्या वेळी ९० दिवसांची आठवण कोणाला होत नाही. अभियंत्यांच्या मनात जी चीड साठते ती या दुटप्पीपणाची आहे.

कंपन्यांची बाजू काय?

ती सरसकट खोटी नाही. बँकेची किंवा विमा कंपनीची वीस वर्षे जुनी प्रणाली सांभाळणाऱ्याच्या डोक्यात जे असते, ते कागदावर नसते. बदली माणूस शोधणे, त्याला ग्राहकाच्या मुलाखतीतून पार करणे आणि काम समजावून देणे याला वेळ लागतो. महत्त्वाचा माणूस महिन्यात निघून गेला, तर दंडाची कलमे कंपनीच्या मानगुटीवर बसतात.

पण हा युक्तिवाद टीम लीडला लागू पडतो, दोन वर्षांच्या टेस्टरला नाही. प्रत्यक्षात ज्ञान हस्तांतरण, म्हणजे रोजच्या भाषेत ‘केटी’, बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत उरकले जाते. त्याआधीचे दोन महिने माणूस शरीराने हजर आणि मनाने बाहेर असतो. दुसरे असे, की ९० दिवसांनी माणसे थांबतात याचा पुरावा नाही. २०२२ मध्ये इन्फोसिसचे गळतीचे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले, टीसीएसचे २१ टक्क्यांवर. तेव्हाही नोटीस तीन महिन्यांचीच होती. उलट त्या लांबलचक काळात अभियंते एका ऑफरवर दुसरी, दुसरीवर तिसरी मिळवत होते आणि पहिल्या कंपनीची खुर्ची रिकामीच राहत होती. म्हणजे एका कंपनीने दार लावून धरल्याचा खर्च दुसरी कंपनी सोसते आणि पुढच्या महिन्यात तोच खर्च पहिलीच्या वाट्याला येतो. प्रत्येकाला हे ठाऊक आहे, पण आधी कमी कोणी करायचे यावर घोडे अडते. त्याच कंपनीच्या अमेरिकेतील कार्यालयात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर माणसे जातात आणि तिथले प्रकल्प बुडत नाहीत.

कायदा आणि बाजार काय सांगतात?

औद्योगिक कलह कायद्यात छाटणी करताना कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागे. तीच तरतूद नव्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. अभियंता हा कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरतो का, यावर मात्र प्रत्येक प्रकरणात वाद होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केले. नोकरी सोडल्यावर किंवा गेल्यावर दोन कामकाजी दिवसांत वेतन चुकते करण्याची अटही त्यांत आहे. ही सुधारणा चांगली आहे. ‘फुल अँड फायनल’साठी दीड-दोन महिने वाट पाहणाऱ्यांना तिचे मोल कळेल. पण राजीनाम्यानंतर अभियंत्याने किती दिवस थांबायचे, हे अजूनही नेमणूकपत्रावरच चालते. आणि त्यावर बावीसाव्या वर्षी, कॅम्पसमध्ये, न वाचता सही केलेली असते.

बाजार मात्र बदलतो आहे. परदेशी कंपन्यांची स्वतःची तंत्रज्ञान केंद्रे देशात १,७०० हून अधिक झाली आहेत. बाणेर-खराडीत अशी केंद्रे अनेक आहेत. तिथे अभियंत्याचे तास बाहेरच्या ग्राहकाला विकले जात नाहीत. त्यामुळे बेंचची भीती वेगळी आणि पगारही बरा. ‘ऑनसाइट’चे आमिषही फिके पडले आहे, कारण अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. अशा वेळी चांगली माणसे टिकवायला सेवा कंपन्यांकडे प्रशिक्षण, विमा आणि नाव एवढेच उरते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या नोटिशीच्या अटीपेक्षा जास्त माणसे धरून ठेवतात.

चार वर्षांपेक्षा कमी अनुभव असणाऱ्यांसाठी ३० दिवस, वरच्यांसाठी ६० आणि पैसे भरून लवकर सुटण्याचा हक्क मॅनेजरच्या मर्जीऐवजी कर्मचाऱ्याकडे, एवढा बदल करायला संसदेची गरज नाही. नेमणूकपत्राचा नमुना कंपनीच्याच मनुष्यबळ विभागात तयार होतो. यंदाच्या कॅम्पस भरतीची पत्रे अजून छापून व्हायची आहेत.