दोरा कोणाचा?

‘लेस हा काय आपल्या साप्ताहिकाचा विषय आहे?’ असे एखादा साथी विचारील, आणि त्याचा प्रश्न अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. लेस म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या युरोपातील सरदारांच्या कॉलरी, नववधूचे झिरझिरीत अवगुंठन, फार तर आपल्याकडील सुखवस्तू घरातील टेबलक्लॉथची किनार. गिरणी, शेत, धरण आणि दुष्काळ ह्यांनी ज्याची पाने भरायची त्या पत्राने ह्या झालरीत का गुंतावे? परंतु ही झालर कोणी केली, तिला त्याचे काय मिळाले आणि जे मिळाले ते तितकेच का मिळाले, हे विचारू लागले की आपण थेट मजुरीच्या प्रश्नावर येऊन ठेपतो. आणि तोही अशा मजुरीच्या, जिला मजुरी म्हणण्याचीच कोणाची तयारी नसते.

हाताने केलेल्या लेसचे प्रकार अनेक. त्यांतील ‘बॉबिन लेस’ उशीवर होते. गवत ठासून भरलेली कडक उशी समोर घ्यायची, भोके पाडलेला नक्षीचा चामड्याचा किंवा जाड कागदाचा तुकडा तिच्यावर टाचायचा, आणि लाकडाच्या वा हाडाच्या बोटभर कांड्यांवर गुंडाळलेले दोरे त्या भोकांत टोचलेल्या टाचण्यांभोवती फिरवत न्यायचे. ह्या कांड्या म्हणजे बॉबिने. ती नेहमी जोडीने चालतात. हालचाली दोनच आहेत: चार दोऱ्यांपैकी मधले दोन एकमेकांवरून ओलांडायचे, किंवा प्रत्येक जोडीतील दोघांना पीळ द्यायचा. एवढ्यातून फूल, पान, जाळी, किनार सारे निघते. साध्या पट्टीला दहाबारा जोड्या पुरतात. रुंद आणि नाजूक नक्षीला शेकडो बॉबिने लागतात. सुई नाही, माग नाही, खाली कापडही नाही. बारीक काम असेल तर दिवस मावळेतो इंच-दोन इंच पुढे सरकते.

ह्या कामात यंत्रसामग्री जवळजवळ नाही, म्हणून भांडवलही नाही असे वाटेल. भांडवल दोऱ्यात असे. जुनी लेस जवसाच्या वाखाच्या, म्हणजे लिननच्या, दोऱ्याची. कोरड्या हवेत हा तंतू तुटतो, म्हणून फ्लँडर्समध्ये अत्यंत बारीक दोरा कातणाऱ्या बायका ओलसर तळघरात बसून कातीत. दोरा जितका बारीक तितका महाग, आणि लेस करणाऱ्या बाईजवळ तो रोखीने घेण्याइतका पैसा क्वचितच असे. पुढे एकोणिसाव्या शतकात सुती दोरा आला, तो स्वस्त होता. तरीही दोरा देणारा आणि लेस घेणारा व्यापारी एकच, ही घडी फारशी बदलली नाही.

ही कला सोळाव्या शतकात इटलीत आणि फ्लँडर्समध्ये रूपास आली. बॉबिन लेसच्या नक्षींचे पुस्तक व्हेनिसला १५५७ साली छापलेले आहे. तिथून ती युरोपभर पसरली. इंग्लंडमध्ये बेडफर्डशायर, बकिंगहॅमशायर, नॉर्थॅम्प्टनशायर हे परगणे आणि डेव्हनमधील हॉनिटनचा परिसर ही तिची मोठी ठाणी. नवरा शेतमजूर आणि बायको-मुली उशीवर, असे तेथील हजारो घरांचे चित्र होते. मुलींना पाचव्या-सहाव्या वर्षी ‘लेसशाळेत’ घालीत. शाळा म्हणजे एखाद्या गरीब बाईची कोंदट खोली. धुराने लेस काळी पडेल म्हणून थंडीत चूल पेटवायची नाही. ऊब हवी तर निखाऱ्यांचे मडके झग्याखाली घ्यायचे. संध्याकाळी एकच मेणबत्ती मध्ये ठेवून तिच्याभोवती पाण्याने भरलेले काचेचे चंबू मांडीत आणि त्यांतून पडणाऱ्या कवडशात अनेक जणी काम करीत. ह्या बायका आपल्या बॉबिनांवर नावे कोरून घेत: प्रियकराचे, आईचे, वारलेल्या मुलाचेसुद्धा. ती बॉबिने आज संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. लेसवर मात्र करणारीचे नाव कोठेही नाही.

मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात ह्या धंद्याची दखल घेतली आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले असेल, पण त्या पानांवर आपण फार रेंगाळत नाही. सरकारी चौकशी अहवालांच्या आधारे तो सांगतो की इंग्लंडातील सुमारे दीड लाख लेसकामगारांपैकी १८६१च्या कारखाना कायद्याच्या कक्षेत जेमतेम दहा हजार येत होते. उरलेले एक लाख चाळीस हजार, बहुतेक बायका आणि मुले, घरांत आणि लहानशा खोल्यांत होते. तिथे कायद्याला प्रवेश नव्हता. नॉटिंगहॅमच्या धर्मादाय दवाखान्यात येणाऱ्या लेसकामगार स्त्रिया मुख्यतः सतरा ते चोवीस वर्षांच्या. त्यांतील क्षयरोग्यांचे प्रमाण १८५२ साली ४५ जणींत एक होते. १८६१ साली ते आठ जणींत एक झाले. नऊ वर्षांतला हा फरक आहे. कायदा गिरणीच्या फाटकापाशी थांबला आणि क्षय मात्र उंबरा ओलांडून आत गेला.

आता दोऱ्याकडे पुन्हा येऊ. व्यापारी बाईला दोरा, टाचण्या आणि नक्षीचा कागद देई, त्यांची किंमत लेसच्या दामातून वळती करून घेई. डेव्हनमध्ये तर लेसच्या बदल्यात रोख न देता आपल्याच दुकानातील चहा, कापड, मेणबत्त्या गळ्यात मारण्याची रीत होती. अशा वस्तुरूप मजुरीविरुद्ध पार्लमेंटने १८३१ साली कायदा केला. परंतु हॉनिटनच्या बायकांच्या तक्रारी त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिल्या. कारण उघड आहे. कायदा मजुरांसाठी होता, आणि ह्या बायका मजूर नाहीत, आपला माल विकणाऱ्या स्वतंत्र कारागीर आहेत, असे म्हणण्याची पळवाट व्यापाऱ्याला मोकळी होती. दोरा त्याचा, नक्षी त्याची, भाव त्याचा. स्वातंत्र्य तेवढे बाईचे! राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या विवाहवस्त्राची लेस डेव्हनमधील बिअर ह्या खेड्यात व आसपास दोनशेवर बायकांनी केली आणि नंतर तिच्या नक्षी नष्ट करण्यात आल्या, म्हणजे तशी लेस पुन्हा कोणाला मिळू नये. करणाऱ्या हातांनाही नाही.

यंत्राने ह्या बायकांचे काय केले ते थोडक्यातच सांगतो, कारण ती कथा आपल्या विणकरांवरून आपल्याला पाठ आहे. जॉन हीथकोटने उशीवरील लेसमधील धाग्यांची वाट अभ्यासून १८०८-०९ मध्ये जाळी विणणारे यंत्र काढले. १८१६च्या जूनमध्ये लफबरो येथील त्याच्या कारखान्यातील पन्नासाहून अधिक यंत्रे फोडण्यात आली आणि त्यापायी माणसे फासावर गेली. हीथकोट डेव्हनमध्ये टिव्हर्टनला निघून गेला. हातची लेस एका रात्रीत मेली नाही. यंत्राच्या भावाशी बरोबरी करीत करीत, आणखी स्वस्त होत होत, ती शतकभर झिजली.

आपल्या देशात ती आली मिशनऱ्यांबरोबर. लंडन मिशनरी सोसायटीचे चार्ल्स आणि मार्था मॉल्ट १८१९ साली दक्षिण त्रावणकोरातील नागरकोइलला आले. मार्थाबाईंनी मुलींच्या निवासी शाळेत उशीची लेस शिकवावयास सुरुवात केली. ह्या मुली बहुतांशी नाडार आणि त्याहून खालच्या मानलेल्या जातींच्या. काही तर गुलाम होत्या. त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८५५ साली. लेसच्या कमाईतून काही मुलींनी स्वतःची मुक्तता विकत घेतल्याचे मिशनच्या नोंदी सांगतात. दोरा मिशनचा, बाजार मिशनचा, नफाही मिशनच्या शाळांकडे नि धर्मप्रचाराकडे जाई. हे सारे मान्य करूनही ह्या एका गोष्टीपुढे थांबावे लागते. ज्या बाईचा देहच दुसऱ्याच्या मालकीचा, तिच्या हाती चार पैसे स्वतःचे पडले आणि त्यांनी तिने स्वतःला सोडविले.

ह्याच मुलुखात, ह्याच काळात, नाडार स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकण्याची बंदी होती. मिशनरी बायकांनी शिवून दिलेले सैल जाकीट घालावे की नाही ह्यावरून मारहाणी झाल्या, शाळा आणि प्रार्थनामंदिरे जाळली गेली. १८२९च्या फर्मानाने जाकिटाला परवानगी दिली, पण उच्चवर्णीय स्त्रियांसारखे उपवस्त्र घेण्यास मनाई केली. जाळपोळीचा पुन्हा भडका उडाल्यानंतर २६ जुलै १८५९ रोजी त्रावणकोरच्या महाराजांनी झाकण्याचा हक्क कबूल केला, तोही उच्चवर्णीयांची नक्कल न करण्याच्या अटीवर. विलायतेतील मडमांच्या गळ्याखाली रुळणारी लेस ज्या मुलुखातल्या बायका करीत होत्या, तिथे स्वतःच्या अंगावर सुताचा एक तुकडा घेण्यासाठी स्त्रीला मार खावा लागत होता. जातीचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न वेगळे करून सोडविता येतात असे मानणाऱ्या मित्रांनी नागरकोइलची ही हकीकत मुद्दाम वाचावी.

आंध्रातील नरसापूरची लेस बॉबिनची नव्हे, क्रोशाच्या सुईची. पण व्यवस्था तीच. जर्मन अभ्यासक मारिया मीस ह्यांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस तेथे राहून केलेला अभ्यास १८८२ नव्हे, १९८२ साली पुस्तकरूपाने आला. शतकाची चूक व्हावी असेच त्यातील चित्र आहे. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील लाखभर बायका परदेशी जाणारी लेस करीत होत्या. दलाल दोरा देई आणि तयार लेस घेऊन जाई. एक बाई नुसती फुले करी, दुसरी ती जोडी. अख्खी वस्तू कोठे जाते, कितीला विकली जाते हे दोघींनाही ठाऊक नसे. दिवसाचे सहा-आठ तास घालवून पदरात एक रुपयाही पडत नव्हता. शेतमजूर स्त्रीच्या किमान वेतनाच्या एकतृतीयांशाच्या आसपास. निर्यातदार पुरुष मात्र श्रीमंत झाले.

मीस ह्यांचे एक निरीक्षण आपण मनाला लावून घेण्यासारखे आहे. लेस करणाऱ्या बहुसंख्य बायका कापू जातीच्या, उंबऱ्याबाहेर कामाला न जाणाऱ्या. शेतावर राबणाऱ्या दलित बायका त्यांच्याहून अधिक कमावीत, एकजुटीने बोलत; तरी लेसवाल्या स्वतःला त्यांच्यापेक्षा वरच्या समजत. ‘आम्ही कामाला जात नाही’ ही त्यांची प्रतिष्ठा होती, आणि त्या प्रतिष्ठेची किंमत दलाल रोज वसूल करीत होता. आपल्या पांढरपेशा वस्तीत फॉल-पिको, पापड-कुरडया, बटणे-काजे करणाऱ्या बायका आठवा. ‘फावल्या वेळात करते हो’ हे वाक्य त्या स्वतःच म्हणतात, आणि शिलाईचा दर ठरविणाऱ्याला हेच वाक्य हवे असते.

कारागिरीचे कौतुक करणाऱ्यांची आज वाण नाही. नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. स्लोव्हेनियातील बॉबिन लेस २०१८ पासून युनेस्कोच्या वारसायादीत आहे. तिथल्या इद्रिया गावी १८७६ साली निघालेली लेसशाळा अजून चालते. इद्रिया हे पाऱ्याच्या खाणीचे गाव. खाणकामगाराच्या पगारात घर भागत नसे म्हणून त्याची बायको उशी घेऊन बसे. खाण बंद झाली, लेस राहिली. मला ह्या मानांकनांचा राग नाही. खोट्या मालाला आळा बसला तर बरेच आहे. परंतु त्यांत गावाचे नाव राखले जाते, वस्तूचे राखले जाते. करणारीला तासाला काय मिळाले हे तिथे कोणी विचारीत नाही.

ते विचारण्याचे मार्ग आहेत. घरी काम करणाऱ्यांना इतर मजुरांसारखीच वागणूक द्यावी असा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली झाला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या आहे, आणि साहित्य मालकाने दिले असो वा नसो तो कामगारच, असे ती म्हणते. हॉनिटनच्या व्यापाऱ्याची पळवाट कागदावर तरी बुजली. पण व्याख्येने भाव ठरत नाही. आपल्या महाराष्ट्रात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि माथाडी चळवळीने दाखविलेली वाट अधिक कामाची आहे. हमालालाही एक मालक नसतो. आज ह्या गाळ्यावर, उद्या त्या. तरी १९६९च्या माथाडी कायद्याने व्यापारी आणि हमाल दोघांचीही नोंदणी मंडळाकडे करावयास लावली, मजुरी मंडळामार्फत दिली आणि तिच्यावरील लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी उभे केले. दोरा, कापड, मणी, तंबाखूची पाने, जे काही घरी पाठविले जाते ते पाठविणाऱ्या प्रत्येकाने अशा मंडळाकडे नाव नोंदविलेच पाहिजे, ही मागणी आपण का करू नये? बाईला शोधणे कठीण असेल, ती गल्लीबोळात विखुरलेली आहे; दोरा देणारा मात्र प्रत्येक शहरात बोटांवर मोजता येतो.

कार्यकर्त्यांसाठी एक काम तर अगदी साधे आहे. नरसापूरच्या बायका जनगणनेच्या हिशेबात ‘काम न करणाऱ्या’ होत्या. पुढची जनगणना २०२७ सालासाठी जाहीर झालेली आहे. गणना करणारा दाराशी येतो तेव्हा बहुधा घरातला पुरुष पुढे होतो आणि ‘ही घरीच असते’ असे सांगून मोकळा होतो. आपापल्या वस्तीत तत्पूर्वी फिरून, तिच्याकडे दोरा किती येतो, कोणाकडून येतो आणि त्याचे तिला काय मिळते, हे तिच्याच तोंडून लिहून घ्यावयास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सुरुवात स्वतःच्या घरापासून केली तरी चालेल.