गोळीने वय थांबत नाही



'म्हातारपण लांबवा' या लेखात स्पिरुलिना या नील-हरित शेवाळाच्या गोळ्यांची भलामण करताना आमच्या म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्र संशोधन संस्थेचा दाखला दिला आहे. तो गैरलागू आहे. चेलुवांबा महालात 1950 साली सुरू झालेल्या या संस्थेने स्पिरुलिनावर काम केले ते पोषणासाठी, प्रथिने आणि बीटा-कॅरोटीन मिळावे म्हणून. उपासमार भरून काढणे वेगळे, पोटभर जेवणाऱ्याचे वय रोखणे वेगळे.

बीटा-कॅरोटीनचाच अनुभव पाहा. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 साली निष्कर्ष आले तेव्हा रोज 20 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला! मग 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य लेखकाने कशाच्या बळावर लिहिले?

या गोळ्यांतून जीवनसत्त्व बी-12 मिळते, ही लेखातली चूक तर घातक आहे. स्पिरुलिनातले बी-12 बहुतांशी निष्क्रिय स्वरूपाचे असते, माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही. शाकाहारी आजी-आजोबा त्यावर विसंबून राहिले तर हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे अंगावर निघेल. त्यांना रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी दिलेले खरे बी-12च हवे. कमतरता असेल तिथे पूरक औषध मोलाचे, हे मी आवर्जून सांगतो. पण कोणत्याही गोळीने माणसाचे वार्धक्य मंदावल्याचे अजून सिद्ध झालेले नाही.

अशा गोळ्यांच्या डब्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. पेन्शनमधून पैसे काढण्यापूर्वी वाचकांनी तेवढी ओळ जरूर वाचावी.

– एक वाचक, म्हैसूर