गहुंजेतला सामना, मावळातला प्रेक्षक

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून रात्री पुण्याकडे येताना सोमाटणे मागे पडले की काही वेळाने उजळलेले प्रकाशमनोरे दिसू लागतात. गहुंजेत सामना आहे, हे सांगायला वेगळ्या फलकाची गरज उरत नाही. 31 जानेवारी 2025 रोजी, शुक्रवारी, तिथे भारत आणि इंग्लंड यांच्यात टी-ट्वेन्टी सामना झाला. भारताने तो 15 धावांनी जिंकला. जखमी शिवम दुबेच्या जागी मैदानात उतरलेल्या हर्षित राणाने बळी घेतले आणि बदली खेळाडूच्या नियमावर देशभर वाद रंगला. या वादात पुणेकर हिरिरीने उतरले. ज्या मावळ तालुक्यात हा सामना झाला, तिथल्या किती घरांत तो थेट दिसला, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. खेळ पाहणे ही काही अन्न-पाण्यासारखी गरज नव्हे, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या खेळासाठी एखादा परिसर जमीन, पाणी आणि रस्ता देतो, वाहतुकीची कोंडी आणि बंदोबस्ताचा जाच सोसतो, तो खेळ त्याच परिसरातील सामान्य माणसाला पाहता येतो की नाही, हा सार्वजनिक हिताचाच प्रश्न आहे. तो केवळ मावळचा नाही. गहुंजेच्या निमित्ताने तो अधिक स्पष्ट दिसतो, इतकेच.

मैदान मावळचे, वेळापत्रक दूरचित्रवाणीचे

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या या स्टेडियमचे उद्घाटन एप्रिल 2012 मध्ये झाले. त्याच वर्षी 20 डिसेंबरला इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेन्टीने तिथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट सुरू झाले. सुमारे 37 हजार प्रेक्षक बसू शकतील असे हे मैदान शहरापासून वीसेक किलोमीटर दूर आहे. शहरात राहणाऱ्याने कार्यालयातून सुटून तिथे सहज पोहोचावे, असे हे ठिकाण नाही. म्हणूनच इथे सामन्याची वेळ आणि वार यांना इतरत्रपेक्षा अधिक महत्त्व आहे.

2023 च्या विश्वचषकाचे पाच सामने गहुंजेला मिळाले तेव्हा पुणेकरांना आनंद झाला. पण तारखा पाहा. भारत-बांगलादेश गुरुवारी, 19 ऑक्टोबरला. अफगाणिस्तान-श्रीलंका सोमवारी, 30 ऑक्टोबरला. न्यूझीलंड-दक्षिण आफ्रिका बुधवारी, 1 नोव्हेंबरला आणि इंग्लंड-नेदरलँड्स पुन्हा बुधवारी, 8 नोव्हेंबरला. हे चारही सामने दुपारी दोन वाजता सुरू झाले. ऑस्ट्रेलिया-बांगलादेश हा एकच सामना शनिवारी, 11 नोव्हेंबरला आणि तोही सकाळी साडेदहाला. कामावर जाणाऱ्या माणसाने यांपैकी कोणता सामना रजा न घेता पाहायचा? विराट कोहलीचे 48 वे एकदिवसीय शतक गहुंजेत झाले. ते मैदानावर जाऊन पाहण्याचे भाग्य गुरुवारी दुपारी मोकळ्या असणाऱ्यांनाच लाभले.

जागतिक स्पर्धेचे वेळापत्रक एका तालुक्याच्या सोयीने आखता येणार नाही, हे मान्य. परंतु ते कोणाच्या सोयीने आखले जाते, हे समजून घ्यायला हवे. रात्रीचे सामने प्रकाशझोतात खेळवले जातात, कारण जाहिरातदाराला संध्याकाळचा प्रेक्षक हवा असतो. आयपीएलचे रात्रीचे सामने साडेसातला सुरू होतात आणि अकराच्या पुढे रेंगाळतात. लोणावळा, कामशेत किंवा मळवलीहून लोकलने आलेल्या प्रेक्षकाने त्यानंतर घर कसे गाठायचे, ही चिंता वेळापत्रक आखणाऱ्याच्या टेबलावर नसते. मैदानातला प्रेक्षक आता या व्यवहारात मुख्य ग्राहक राहिलेला नाही. तो चित्रीकरणाची पार्श्वभूमी झाला आहे.

याचा टोकाचा पुरावा मार्च 2021 मध्ये मिळाला. करोनामुळे भारत-इंग्लंड एकदिवसीय मालिकेचे तिन्ही सामने गहुंजेत प्रेक्षकांविना झाले. 23, 26 आणि 28 मार्च असे तीन दिवस मावळात जगज्जेता संघ खेळत होता आणि स्टँड रिकामे होते. काही चाहत्यांनी लगतच्या डोंगरावर चढून सामना पाहिल्याची छायाचित्रे तेव्हा प्रसिद्ध झाली. मालिका मात्र सुरळीत पार पडली. मैदानात एकही तिकीट न विकता क्रिकेटचे अर्थकारण चालू शकते. प्रक्षेपण थांबले तर ते एक दिवसही चालणार नाही.

हक्कांचे अर्थकारण

आकडे पाहिले की हे उमगते. 2023 ते 2027 या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क 48 हजार 390 कोटी रुपयांना विकले गेले. भारतात होणाऱ्या भारतीय संघाच्या द्विपक्षीय सामन्यांचे 2023 ते 2028 या काळातील हक्क 5 हजार 963 कोटींना गेले. सामने 88. म्हणजे एका सामन्याला सरासरी सुमारे 67 कोटी 76 लाख. एवढी रक्कम मोजणारी कंपनी ती प्रेक्षकाकडून किंवा जाहिरातदाराकडून वसूल करणारच. त्यात गैर काही नाही. या पैशातूनच मैदाने उभी राहतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून खेळाडू घडतात, हा क्रिकेट मंडळाचा युक्तिवादही निराधार म्हणता येत नाही.

प्रेक्षकाची अडचण वेगळी आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडविरुद्धची गहुंजेची कसोटी एका समूहाच्या वाहिनीवर आणि अॅपवर होती. तीन महिन्यांनी त्याच मैदानावरचा इंग्लंडविरुद्धचा टी-ट्वेन्टी दुसऱ्याच वाहिनीवर आणि दुसऱ्याच अॅपवर होता. 2023 आणि 2024 च्या आयपीएल मोबाइलवर फुकट दिसल्या. त्यात मराठी समालोचनही होते. पुण्याचा केदार जाधव समालोचकाच्या खुर्चीतून उठून त्याच मोसमात बंगळुरूच्या संघात दाखल झाला, ही गंमतही मराठी प्रेक्षकांनी अनुभवली. नोव्हेंबर 2024 मध्ये दोन मोठ्या माध्यम समूहांचे विलीनीकरण झाले आणि 2025 च्या मोसमात थोडा वेळ फुकट पाहिल्यावर वर्गणी भरा, असा निरोप पडद्यावर झळकू लागला. स्पर्धा असेपर्यंत फुकट आणि स्पर्धा संपल्यावर सशुल्क, हा बाजाराचा सरळ न्याय आहे. बाजाराने दिलेली सवलत हा हक्क नसतो, एवढाच त्याचा बोध.

कायद्याने दिले, निकालाने आटले

हक्क म्हणून काय आहे, ते आता पाहू. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्याच विचाराच्या वाटेवर 2007 चा क्रीडा प्रक्षेपण कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रसंकेत हक्कधारकाने प्रसार भारतीला द्यावेत आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातला किमान 75 टक्के वाटा हक्कधारकाला मिळावा, अशी ही व्यवस्था आहे. भारतीय पुरुष संघाचे सर्व एकदिवसीय आणि टी-ट्वेन्टी सामने, केंद्र सरकारला महत्त्वाच्या वाटतील त्या कसोट्या आणि विश्वचषकाचे उपांत्य व अंतिम सामने क्रिकेटच्या यादीत आले. आयपीएल त्या यादीत नाही. गहुंजेतल्या विश्वचषकाच्या पाच सामन्यांपैकी भारत-बांगलादेश हा एकच यादीत बसणारा होता.

या व्यवस्थेला 2017 मध्ये मोठी मर्यादा आली. प्रसार भारतीला मिळालेले चित्रसंकेत तिच्या स्वतःच्या भूप्रक्षेपणासाठी आणि डीटीएच सेवेसाठीच आहेत, खासगी केबलचालकांनी ते दाखवू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी 22 ऑगस्टला दिला. कायद्याच्या शब्दांचा तो अर्थ असेल. पण व्यवहारात काय झाले? सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून गच्चीवर अँटेना लावण्याचा काळ मागे पडला. दूरदर्शनने ते अॅनालॉग भूप्रक्षेपण जवळजवळ गुंडाळले आहे. राहिली ती फ्री डिशची छत्री. ज्याच्या घरी ती आहे, त्याला सामना फुकट दिसतो. ज्याच्या घरी दरमहा पैसे भरून घेतलेली केबल आहे, त्याने क्रीडा वाहिनी निवडली नसेल तर त्याला तोच सामना दिसत नाही. तळेगावच्या एखाद्या इमारतीत केबल घेतलेल्या मध्यमवर्गीयापेक्षा आंदर मावळातल्या छत्रीवाल्याची सोय बरी, असे चित्र निर्माण झाले. देशात चार कोटींहून अधिक घरांत फ्री डिश असल्याचे अंदाज आहेत, ही समाधानाची बाब. पण सार्वजनिक हक्क कोणत्या तारेने किंवा छत्रीने घरात येतो यावर ठरावा, हे तर्काला धरून नाही. ही त्रुटी दूर करण्यासाठी माहिती व नभोवाणी मंत्रालयाने 2018 मध्ये दुरुस्तीचा मसुदा मांडून सूचना मागवल्या. पुढे तो कायदा झाला नाही.

आयर्लंडचा धडा

हा पेच केवळ भारताचा नाही. आयर्लंडमध्ये हर्लिंग हा काठी आणि चेंडूचा अतिशय वेगवान, शेकडो वर्षांची परंपरा असलेला खेळ आहे. तिथले अव्वल खेळाडू आजही हौशी आहेत. खेळाचे मानधन घेत नाहीत. गावागावांतले क्लब स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. 2023 मध्ये अजिंक्यपद स्पर्धेचे अनेक महत्त्वाचे सामने केवळ सशुल्क इंटरनेट सेवेवर दाखवण्यात आले. कॉर्क आणि टिपरेरी यांच्यातली रंगतदार बरोबरी बहुसंख्य घरांत दिसलीच नाही आणि असंतोष उफाळला. ज्या वृद्धांनी आयुष्यभर क्लबसाठी राबणूक केली, त्यांना इंटरनेट जमत नाही. ग्रामीण भागात जोडणी धड नाही. मग हा खेळ कोणाचा, असा सवाल थेट संसदेपर्यंत पोहोचला. त्या सेवेत सार्वजनिक प्रसारण संस्थेचीच निम्मी भागीदारी होती, हे दुखणे अधिक बोचरे ठरले. पुढे ती भागीदारी संपुष्टात आली आणि 2025 पासून क्रीडा संघटनेने स्वतःची सेवा सुरू केली. सशुल्क सामन्यांचा वाद मात्र मिटलेला नाही. अंतिम सामना सर्वांना विनामूल्य दिसला पाहिजे, यावर तिथे मतभेद नाहीत.

आपल्याकडे याच्या उलट अनुभवही आहे. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने रात्री आठची वेळ धरली आणि मॅटवरची कबड्डी दिवाणखान्यात आणली. दूरचित्रवाणी खेळाला मारते असे नाही; ती त्याला नवे आयुष्यही देते. मावळातल्या बैलगाडा शर्यती तर आज कोणत्याही बड्या वाहिनीच्या मदतीशिवाय मोबाइलवरून थेट आणि फुकट दिसतात. अडचण तंत्रज्ञानाची नाही, ती मालकीची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

करता येण्याजोगे

पहिली गोष्ट केंद्राची. 2018 चा मसुदा पुन्हा बाहेर काढून केबल आणि खासगी डीटीएचवरील प्रेक्षकालाही राष्ट्रीय महत्त्वाचे सामने विनामूल्य दिसतील, अशी दुरुस्ती करावी. हक्कधारकांना त्याची किंमत आधीच माहीत असेल, तर पुढच्या लिलावात ते बोली त्या हिशेबाने लावतील. आयपीएलचा निदान अंतिम सामना यादीत आणण्याचा विचारही व्हायला हवा.

दुसरी गोष्ट महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हातातली आहे. तिची स्वतःची महाराष्ट्र प्रीमियर लीग 2023 मध्ये गहुंजेतच सुरू झाली आणि तीही जूनमध्ये. आयपीएल मेअखेर संपते, तेव्हा पडदा मोकळा होतो, हे कारण उघड आहे. पण जूनमध्ये मावळात काय असते, हे लोणावळ्याच्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पहिल्याच मोसमाची अंतिम लढत पावसाने पूर्ण होऊ दिली नाही आणि रत्नागिरी जेट्सना साखळीतील कामगिरीवर विजेते ठरवावे लागले. जागतिक स्पर्धेच्या तारखा संघटनेच्या हाती नसतात; या तारखा आहेत. आपल्या आभाळाकडे पाहून त्या ठरवायला हरकत काय?

तिसरी गोष्ट मैदानातल्या प्रेक्षकाची. ऑक्टोबर 2024 च्या कसोटीत पहिल्याच दिवशी उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना पिण्याचे पाणी मिळेना आणि संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. याच मैदानासाठी पवनेचे पाणी घेण्यावर 2018 मध्ये उच्च न्यायालयाने निर्बंध घातले होते. त्याआधी 2016 च्या दुष्काळात 1 मेनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवावे लागले होते. पवना मावळची, मैदान मावळात. मग सामन्याच्या रात्री वडगाव, तळेगाव आणि लोणावळ्यात संघटनेने मोठे पडदे लावणे आणि परतीच्या प्रवासासाठी रेल्वे-एसटीशी आधी बोलणी करणे, ही काही उपकाराची बाब ठरू नये.

क्रिकेट मंडळ श्रीमंत आहे आणि वाहिन्या समर्थ आहेत. त्यांचे हित पाहण्यास ते स्वतः पुरेसे आहेत. द्रुतगती मार्गावरून दिसणारा तो उजेड ज्यांच्या शेताशेजारी पडतो, त्यांच्या घरातल्या पडद्यावर तो पोहोचावा, ही जबाबदारी मात्र कायद्याने आणि लोकप्रतिनिधींनीच घ्यायची असते. आयपीएलच्या सध्याच्या हक्कांची मुदत 2027 ला संपते. पुढच्या लिलावाआधी हा विषय संसदेत निघाला नाही, तर त्यानंतर पुन्हा पाच वर्षे तो निघण्याचे कारण उरणार नाही.