अमेरिकेच्या अर्जाला अकरावीचे मार्क लागतात, सर!

मागच्या डिसेंबरात कापूरहोळ फाट्यावर चहा घेत उभा होतो. ओळखीच्या घरातली बारावीची पोरगी फाईल घेऊन आली. "काका, अमेरिकेतल्या कॉलेजला अर्ज करायचाय. शाळेचे कागद कोण देतं?"

फाईलमध्ये दहावीची गुणपत्रिका, बोनाफाईड आणि आधार. तिकडं मात्र मागत होते नववीपासूनच्या चारही वर्षांचे मार्क, शाळेनं स्वतः ऑनलाइन भरायचा अहवाल आणि शिक्षकांची शिफारसपत्रं.

पोरगी चार दिवस हेलपाटे घालत राहिली. नववीचा निकाल "शोधावा लागेल". अकरावीचा कशाला पाहिजे? शिफारसपत्र मिळालं ते एका ओळीचं: वर्तणूक चांगली आहे. बाकीच्याला उत्तर, "असा नमुना आमच्याकडं नाही." अर्जाची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला होती. हुकली.

शाळेचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या शाळेत गेली असती तरी बहुतेक हेच झालं असतं. आपल्याकडं दहावी आणि बारावीचं बोर्ड म्हणजे सगळं. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष. तिकडं चार वर्षांची चाल बघतात. आपला बारावीचा निकाल लागतो मे महिन्यात, त्यांचे अर्ज संपतात जानेवारीत. म्हणून सहामाही आणि पूर्वपरीक्षेवरून शिक्षकांनी अंदाज द्यायचा असतो. पोरगं कुठल्या गावातून येतं, शाळेत काय सोयी आहेत, हेही शाळेनंच सांगायचं असतं. ते कुणी सांगितलंच नाही, तर तिकडच्या माणसाला भोर काय कळणार?

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले. खर्च खरंच डोळे फिरवणारा आहे. मोठ्या खासगी कॉलेजात वर्षाला 80 हजार डॉलरच्या पुढं. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही कॉलेजं परदेशी मुलांनाही पैशाची ऐपत न बघता निवडतात, आणि निवडलं की घरच्या उत्पन्नाला जेवढं झेपत नाही तेवढा भार स्वतः उचलतात. प्रवेश महाकठीण, शंभरात पाचाच्या आसपास. व्हिसाची कटकट वेगळी. म्हणून प्रत्येकानं जावं असं मी म्हणत नाही. पण नापास व्हायचंच तर परीक्षेत व्हावं, कागदाअभावी नको.

आणि हे आपल्यापासून फार लांबचं नाही. शेजारच्या मुळशी तालुक्यात पौडजवळ 1997 पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथून पास झालेल्या मुलांना अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत डेव्हिस शिष्यवृत्ती मिळते. डोंगर तोच, पाऊस तोच. फरक एवढाच की तिथं अर्जाचं काम बघायला माणूस नेमलेला असतो.

1883 साली कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला स्वतः पत्र लिहिलं. हातात बोर्डाची गुणपत्रिका नव्हती. कॉलेजनं घेतलं आणि 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आज पोरीच्या हातात 92 टक्के आहेत आणि ती सही-शिक्क्यावाचून अडते. काय म्हणायचं याला?

भोर-वेल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना हात जोडून विनंती. तीनच गोष्टी करा. नववी आणि अकरावीचे निकाल नीट जपा आणि मागितले की शिक्का मारून इंग्रजीत द्या. एका शिक्षकाकडं परदेशी अर्जांचं काम सोपवा. शाळेची माहिती देणारं एक पान इंग्रजीत तयार ठेवा. खर्च शून्य.

पालकांनो, लाखभर रुपये मागणाऱ्या एजंटाकडं जाण्याआधी मुंबईतल्या एज्युकेशन यूएसए केंद्राला विचारा. अमेरिकी सरकारच्या या केंद्रात प्राथमिक माहितीला पैसे पडत नाहीत. आणि तयारी नववीतच सुरू करा, बारावीच्या डिसेंबरात नको.

ती पोरगी आता पुण्यात बीएस्सी करतेय. छान चाललंय तिचं. पण तिची धाकटी बहीण यंदा नववीत आहे. तिच्या वेळी तरी "नमुना नाही" ऐकायला लागू नये.

पटलं तर आपापल्या शाळेच्या ग्रुपवर टाका.