भीतीस पुरावा मागावा

भयाचे व रहस्याचे चित्रपट मुलांनीं पाहूंच नयेत, हें मत आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. राजा परांजपे यांचा १९६४ सालचा ‘पाठलाग’ पाहा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. दिवंगत पत्नीच्याच रूपाची आरोपी स्त्री वकील पतीसमोर उभी राहते व आपण त्याचीच पत्नी असल्याचें सांगते. प्रेक्षकांच्या अंगावर कांटा येतो. परंतु मांत्रिकास कोणी बोलावीत नाहीं. गूढाची छाननी न्यायालयांत, साक्षीपुराव्यानें होते.

अड्याळच्या विद्यार्थ्यांनो, रात्रीं चिंचेखालीं कोणीं कांहीं पाहिल्याची वार्ता आली, तर हाच मार्ग धरा. पालकांनींही मुलांस दटावण्याऐवजीं शेजारीं बसवून असा चित्रपट दाखवावा आणि मागाहून विचारावें, ‘पुरावा कोणता?’