एका खोलीपुरती शुद्ध हवा

दिवाळी सरून थंडी पडू लागली की निगडी परिसरातील दम्याच्या रुग्णांचे हाल सुरू होतात. थंड हवा जमिनीलगत साचून राहते; रस्त्यावरची धूळ, वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर तिच्यात अडकून पडतो, आणि ज्याची छाती मुळातच नाजूक आहे त्याला पहाटे तीनच्या सुमारास धाप लागून उठून बसावे लागते. अशा घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो : हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे काय, आणि घ्यायचे तर कोणते? आमच्या कार्यकर्त्यांच्या घरांतही तो विचारला जातो. ‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत’ असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. जिचे मूल रात्रभर श्वासासाठी झगडते त्या आईला व्यवस्था-परिवर्तनापर्यंत थांबावयास सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेव्हा प्रथम तिच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देऊ, आणि मग त्या प्रश्नात जे गृहीत धरले आहे त्याचा विचार करू.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. पंखा खोलीतील हवा ओढतो, दाट तंतूंच्या फिल्टरमधून ती बाहेर सोडतो आणि धुळीचे कण फिल्टरमध्ये अडकतात. या फिल्टरांपैकी ‘हेपा’ हा प्रकार विश्वासार्ह आहे. त्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात, किरणोत्सारी धूळ अडविण्यासाठी झाला. ०.३ मायक्रॉन आकाराचे, म्हणजे अडविण्यास सर्वांत अवघड असे कण तो ९९.९७ टक्के अडवितो. परंतु फिल्टर उत्तम असला तरी त्यातून दर तासाला हवा किती जाते, यावर सारे अवलंबून असते. यंत्राच्या खोक्यावर हा आकडा ‘सीएडीआर’ या नावाने छापलेला असतो. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीला तो ताशी दीडशे घनमीटरपेक्षा कमी नसावा. छत दहा फूट उंच असल्यास पावणेदोनशे धरावा. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. हा आकडा यंत्र पूर्ण वेगाने चालवून मोजलेला असतो. त्या वेगाने यंत्र इतका आवाज करते की झोपताना माणसे ते मंद करतात, आणि मग निम्मीच हवा गाळली जाते. म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊन ते मंद वेगाने चालविणे, हा शहाणपणाचा मार्ग होय. ‘आयन’ किंवा ‘ओझोन’ सोडून हवा ताजी करण्याची जाहिरात करणारी यंत्रे मात्र दम्याच्या रुग्णाने घरात आणूच नयेत. ओझोन हा फुप्फुसांना चुरचुरविणारा वायू आहे. त्याने दमा उलट बळावतो. धुरातील व रसायनांचे वायू हेपा अडवीत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो, आणि स्वस्त यंत्रांत तो नावापुरता असतो.

एवढे करूनही यंत्राचा लाभ मर्यादितच राहतो, हे वैद्यकशास्त्र स्पष्टपणे सांगते. आपल्याकडील ॲलर्जीचे एक मोठे कारण म्हणजे गाद्या-उशांतील धुळीचे सूक्ष्म किडे. त्यांच्या विष्ठेचे कण जड असतात. ते हवेत फार वेळ तरंगत नाहीत, काही मिनिटांत खाली बसतात. कोपऱ्यात उभे असलेले यंत्र त्यांना गाठणार कसे? तेथे उपयोगी पडते ते गादीचे घट्ट विणीचे अभ्रे घालणे, चादरी आठवड्याला साठ अंशांच्या गरम पाण्यात धुणे आणि पावसाळ्यात भिंतींना ओल धरू न देणे. डासांच्या अगरबत्तीचेही तसेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. कॉइल पेटवून शेजारी यंत्र लावणे म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट औषधाची. दम्याचा खरा उपचार श्वासातून घ्यावयाचे स्टिरॉइड, म्हणजे लोक ज्याला ‘पंप’ म्हणतात तो होय. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. वस्तुतः पंपातून मिळणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. त्याऐवजी धाप लागल्यावर गिळल्या जाणाऱ्या गोळ्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, आणि अपाय होतो तो बहुधा त्या गोळ्यांचा. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक भारतात होतात. या दोन आकड्यांमधील अंतर केवळ हवेने पडलेले नाही. वेळेवर निदान न होणे, नियमित औषध न परवडणे आणि पंपाविषयीची भीती यांनी ते पाडले आहे. म्हणून ज्याच्याजवळ पैसे मोजकेच आहेत त्याने क्रम ध्यानी ठेवावा : आधी पंप, मग घरातील धूर आणि ओल, आणि त्यानंतर पैसे उरले तर यंत्र.

येथवर वैयक्तिक सल्ला झाला. आता या प्रश्नात दडलेल्या गृहीताकडे वळू.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राला सर्वप्रथम एक बंद खोली लागते. दारे-खिडक्या उघड्या असतील तर बाहेरची हवा यंत्राच्या गतीपेक्षा अधिक वेगाने आत येते आणि सारी वीज वाया जाते. निगडीच्या प्राधिकरणातील बंगल्यात अशी स्वतंत्र शयनगृहे आहेत. तेथून हाकेच्या अंतरावर सेक्टर २२ ची ओटा स्कीम आहे. तेथे एकाच खोलीत स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास आणि आजाऱ्याचे अंथरूण सामावलेले असते. दार दिवसभर गल्लीकडे उघडे असते, आणि ते बंद केले तर पाच-सहा माणसांचा जीव गुदमरतो, कारण यंत्र धूळ गाळते, श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड गाळत नाही. यंत्राची किंमत, दरवर्षी बदलावा लागणारा फिल्टर आणि विजेचे बिल हे सारे कोणी फुकट दिले, तरीही ओट्यावरच्या खोलीत ते यंत्र निकामीच ठरेल. विषमता येथे केवळ पैशाची राहत नाही. ज्याला जागा आहे त्यालाच हवा, असा तिचा अर्थ होतो.

या वस्तुस्थितीला एक कडवट इतिहास आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे आकुर्डी-चिंचवड-भोसरीचा सारा पट्टा यंत्रांनी गजबजला. या कारखान्यांत राबणाऱ्यांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१ साली ते विसर्जित होऊन महानगर प्राधिकरणात विलीन झाले. या जवळजवळ पन्नास वर्षांत आखीव रस्त्यांचे आणि झाडांच्या सावलीचे एक सुंदर उपनगर उभे राहिले, यात शंका नाही. परंतु ज्या कामगाराचे नाव घेऊन जमिनी संपादन झाल्या, त्यांतील फार मोठा वर्ग ओट्यांवर, गावठाणांत आणि तळवडे-चिखलीच्या दाट वस्त्यांतच राहिला. आज हवा गाळून घेण्याची सोय कोणाला आहे आणि कोणाला नाही, याचे उत्तर त्या घरवाटपातच लिहिले गेले होते.

कामगाराची हवा तर घराच्याही आधी कारखान्यात बिघडते. मोटारींच्या सुट्या भागांना रंग देणाऱ्या छोट्या कारखान्यांत फवाऱ्याच्या रंगात आयसोसायनेट हे रसायन असते. एकदा शरीराने त्याची ॲलर्जी धरली की पुढे अत्यल्प मात्रेनेही दमा उफाळतो. भोपाळमध्ये १९८४ साली हजारोंचा बळी घेणारा वायू याच कुळातील होता. त्या हत्याकांडानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आयसोसायनेटची विषबाधा सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आली. परंतु रात्री धाप लागणाऱ्या रंगाऱ्याला डॉक्टरने ‘तू काम काय करतोस?’ हा एक प्रश्न विचारल्याखेरीज हा रोग कागदावर येतच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेने तर कारखान्याची व्याख्याच बदलली; विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा वीसवर नेली. भोसरी-चाकणच्या लहान शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल क्षुल्लक नाही. अशा कामगाराच्या घरी कितीही उत्तम यंत्र बसविले, तरी आठ तासांचे विष ते परत घेऊ शकत नाही.

शासनाचे धोरण या बाबतीत काय सांगते? १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. परंतु २००९ च्या आपल्या मानकानुसार हवेतील अतिसूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घातलेली मर्यादा ५ आहे. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ साली त्याच्या खर्चाची छाननी केली, तेव्हा ६४ टक्के रक्कम रस्त्यावरील धूळ आवरण्यावर खर्च झाल्याचे आणि कारखान्यांच्या प्रदूषणावर एक टक्काही खर्च न झाल्याचे दिसून आले. दिल्लीत २०२१ साली कोट्यवधी रुपये खर्चून हवा शुद्ध करणारे मनोरे उभारले गेले. ते म्हणजे भर चौकात ठेवलेली घरगुती यंत्रेच होती, आणि उघड्या आकाशाखाली त्यांचा जो निरुपयोग व्हावयाचा तोच झाला. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अशा यंत्रांवरील १८ टक्के जीएसटी कमी करावा म्हणून याचिका आली, आणि शुद्ध हवा देता येत नसेल तर निदान कर तरी कमी करा, असे न्यायालयाला सरकारला सुनवावे लागले. कर कमी व्हावा, याला आमचा विरोध नाही. परंतु सार्वजनिक हवेचा प्रश्न यंत्राच्या किमतीवर येऊन थांबला, तर सरकारची जबाबदारी ग्राहकाच्या खिशात ढकलली गेली असे समजावे.

याचा अर्थ हात जोडून बसावे असा नाही. निगडी आणि भोसरी या दोन्ही ठिकाणी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पाची हवा मोजणारी केंद्रे आहेत. तेथील आकडे शाळांच्या आणि दवाखान्यांच्या दारावर मराठीत रोज लिहिले जावेत, ही पहिली मागणी. त्यासाठी एक फळा आणि एक खडू पुरेसा आहे. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात दम्याचा पंप आणि फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणारे साधे उपकरण बाराही महिने मिळाले पाहिजे, ही दुसरी. यशवंतराव चव्हाण रुग्णालयात आणि कामगार विम्याच्या मोहननगर रुग्णालयात प्रत्येक दम्याच्या रुग्णाच्या कागदावर त्याच्या कामाची नोंद व्हावी, ही तिसरी. तिला पैसा लागत नाही, इच्छा लागते. आणि यंत्रेच घ्यावयाची असतील तर ती बालवाडीत, रुग्णालयाच्या कक्षात घ्यावीत, जेथे एका यंत्राचा लाभ तीस-चाळीस जणांना मिळेल.

गाजरगवताचाही येथे उल्लेख केला पाहिजे. हे गवत भारतात प्रथम नोंदले गेले ते पुण्यातच, १९५०च्या दशकात. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आले असे लोक मानतात. कसेही आले असो, आज रिकाम्या भूखंडांवर ते माजते आणि त्याच्या परागांनी त्वचेचे व श्वासाचे विकार होतात. फुलोऱ्यापूर्वी ते उपटणे हे एका पावसाळी रविवारचे, हातमोजे घालून करण्याचे श्रमदान आहे.

एक सावधानता मात्र बाळगावी लागेल. मोशीच्या कचरा डेपोला २०२२ च्या उन्हाळ्यात आग लागली, भंगाराच्या गोदामांतून रबर-प्लास्टिक जळत राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत हजारो बांधकामे पाडण्यात आली. स्वच्छ हवेचे नाव घेऊन भंगार वेचणाऱ्याची पोटाची सोय मोडली आणि तो कचरा निर्माण करणारा मात्र सुखरूप राहिला, तर तो पर्यावरणाचा विजय मानता येणार नाही. भंगार वेचणारा त्या धुरात सर्वांत जवळ उभा असतो. त्यालाही दमा होतो. त्याला वगळून उभारलेली शुद्ध हवेची चळवळ बंगल्यांच्या कुंपणापाशीच संपेल.

तेव्हा ज्याला यंत्राची खरोखर गरज आहे आणि जो ते घेऊ शकतो, त्याने वर सांगितलेली पथ्ये पाळून ते अवश्य घ्यावे. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. फक्त त्या मुलाला सकाळी शाळेसाठी दार उघडावेच लागते, आणि दाराबाहेरची हवा ओट्यावरच्या मुलाचीच असते, एवढे त्याने विसरू नये. महापालिकेच्या अंदाजपत्रकावर सूचना मागविल्या जातील तेव्हा वॉर्डावॉर्डांतून दम्याच्या रुग्णांच्या पालकांच्या सह्या घेऊन वरील मागण्या पोहोचविणे, हे येत्या काळातील आपले काम आहे. प्राधिकरणातील आणि ओटा स्कीममधील पालकांच्या सह्या त्या कागदावर एकाखाली एक असाव्यात.